बेवारशी कोण? कुत्रा, पांजरपोळ आणि दत्तक यांची दोनशे वर्षं



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस इतिहासाच्या मालिकेत कुत्र्यांवर काय बोलणार, असा प्रश्न काहींना पडला असेल. पण मिरजेत राहून हा विषय टाळता येत नाही. जंक्शनच्या फलाटावर जा, दर्ग्याच्या परिसरात जा, बाजारात जा, दवाखान्यांच्या गल्लीत जा, कुत्री आहेतच. त्यांना रोज भाकरी घालणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या भीतीने पहाटेचं फिरणं सोडून दिलेली माणसंही आहेत. दोघंही आपलेच शेजारी. एकाच गल्लीत राहतात आणि या एका विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत. हा अबोला आजचा नाही. त्याला किमान दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बराचसा आपल्या मुलुखात घडलेला आहे. तो आज सांगतो.

सुरुवात शब्दांपासून करू. रस्त्यावरच्या कुत्र्याला आपण 'भटका' म्हणतो, 'मोकाट' म्हणतो, 'बेवारशी' म्हणतो. तिन्ही शब्दांचा अर्थ एक नाही. भटका म्हणजे फिरणारा. पण गल्लीतलं कुत्रं भटकत नाही. ते आपली हद्द सोडत नाही, पलीकडच्या गल्लीत गेलं तर तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत. मोकाट म्हणजे ज्याला कुणी बांधलेलं नाही असा. आणि बेवारशी म्हणजे ज्याला वारस नाही, ज्याच्यावर कुणी हक्क सांगत नाही. आता गंमत बघा, या तिन्ही शब्दांत चौथा माणूस लपून राहतो. तो म्हणजे सोडून देणारा. पोत्यात पिल्लं घालून गावाच्या वेशीबाहेर नेऊन टाकणारा. आणि त्या पोत्यात बहुतेक वेळा माद्या असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नर ठेवायचा, मादी सोडायची. का? ती विते म्हणून. सहा महिन्यांनी तीच मादी दुसऱ्या गावात विते, आणि मग ते गाव म्हणतं, ही भटकी कुत्री आली कुठून!

म्हणून मी दोन प्रकार वेगळे धरतो. एक, पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या तुकड्यावर जगलेलं गावकुत्रं, ज्याला एक मालक कधीच नव्हता. दुसरं, घरात वाढवून नंतर टाकून दिलेलं. आजच्या गोंधळात दोघांना एकच नाव आहे, आणि म्हणून उपायही चुकतात.

आता इतिहासाकडे. आपल्या भागातल्या सगळ्यात प्रसिद्ध कुत्र्याची आठवण साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, अशी हकिकत आहे. ग्रँट डफने तर लिहून ठेवलंय की महाराजांनी एकदा भर दरबारात त्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली होती. महाराज १७४९ साली गेले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्यांच्या समाधीजवळ खंड्याचीही समाधी दाखवतात. तीच कृष्णा पुढे आपल्याकडे येते.

खंड्याची गोष्ट आपल्याला आवडते. मलाही आवडते. पण तिच्यात एक अट आहे, ती नीट बघा. खंड्याला मान मिळाला तो सेवेबद्दल. अठराव्या शतकातच तिकडे जर्मनीत इमॅन्युएल कांट आपल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत जवळजवळ हेच उदाहरण घेतो. कुत्र्याने आयुष्यभर इमानाने चाकरी केली, आता तो म्हातारा झाला, उपयोगाचा राहिला नाही. मालकाने त्याला मरेपर्यंत सांभाळावं की गोळी घालावी? कांट म्हणतो, सांभाळावं. पण कारण काय देतो? कुत्र्याचा हक्क आहे म्हणून नव्हे. जो कुत्र्याशी निष्ठुर वागतो त्याचं मन माणसांशीही निष्ठुर होतं, म्हणून. म्हणजे कर्तव्य कुत्र्याकडून वळसा घेऊन शेवटी माणसाकडेच येतं.

मग ज्याने वाघ पळवला नाही, चाकरी केली नाही, राखणही केली नाही, त्या उकिरड्यावरच्या खरजुल्या कुत्र्याचं काय? खंड्याच्या न्यायाने त्याचं देणं काहीच नाही. आपल्या परंपरेने मात्र हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. नामदेवांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्या कुत्र्याने नामदेवांची सेवा केली नव्हती. चोरीच केली होती! दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रं आहे. नृसिंहवाडी आणि औदुंबर इथून दूर नाहीत, तिथे आपण हात जोडतो. पण हेही खरं की तसबिरीतल्या कुत्र्याला नमस्कार करून बाहेरच्याला दगड मारणं आपल्याला जमलेलं आहे. श्रद्धा होती, व्यवस्था नव्हती. व्यवस्था कशी आली, ते आता सांगतो. ती एका दंगलीतून आली.

१८३२ सालची मुंबई. कंपनी सरकारचा १८१३ पासून एक नियम होता. उन्हाळ्याच्या दिवसांत रस्त्यावरची कुत्री मारायची. कारण उघड होतं, कुत्री पिसाळतात. १८३२ मध्ये मारण्याची मुदत वाढवली, आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आणे म्हणजे त्या काळी गरीब माणसाला मोठी रक्कम. जिथे बक्षीस असतं तिथे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कुत्री मारणारे लोक रस्ता सोडून घरांच्या आवारात शिरू लागले, पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले, अशा तक्रारी झाल्या.

पारशी समाजाला हे सहन होणं शक्य नव्हतं. त्यांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं आहे. माणूस गेल्यावर प्रेताला कुत्र्याची नजर दाखवायचा विधी आहे, त्याला सगदीद म्हणतात. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी जमाव कुत्री मारणाऱ्यांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यात आले. गोऱ्या सैनिकांच्या छावणीला जाणारा माल अडवला गेला. शेवटी फौज बोलवावी लागली, धरपकड झाली. मुंबईच्या इतिहासातला हा पहिल्या मोठ्या हरताळांपैकी एक, आणि तो कशासाठी, तर रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी.

इथे सरकारला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. १८३२ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर जगात कुठेही औषध नव्हतं. पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली ती १८८५ मध्ये. त्याआधी चावा झाला आणि रोग जडला की माणूस पाण्याला घाबरून तडफडत मरायचा, आणि घरच्यांना बघत बसण्यापलीकडे काही करता येत नसे. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं, तो कुत्री मारा म्हणाला तर त्याला क्रूर म्हणण्याआधी दोनदा विचार करावा लागतो. भीती खरी होती. उपाय चुकीचा होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि आपल्या आजच्या भांडणात नेमकं हेच कुणी ऐकून घेत नाही.

दंगलीनंतर तडजोड निघाली. कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर हलवायची. मग त्यांना ठेवायचं कुठे? १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा अमीचंद यांनी पुढाकार घेऊन मुंबईचा पांजरपोळ उभा केला. एक पारशी, एक जैन. भुलेश्वरच्या बाजूला जागा, व्यापाऱ्यांनी मालावर लावून घेतलेली लाग आणि देणग्या यांवर खर्च. आज आपण पांजरपोळ म्हटलं की म्हाताऱ्या गाई डोळ्यांपुढे आणतो. पण मुंबईचा पांजरपोळ सुरू होण्यामागे कुत्रा होता, हे लक्षात ठेवा. रस्त्यावरचा जीव सोडवून आणून ठेवण्याची आपल्याकडची ही पहिली मोठी नागरी व्यवस्था.

पांजरपोळाने जीव वाचवले, पण बरे केले का? जैन अहिंसेचा अर्थ मारू नये असा होता, पण न मारणं आणि बरं करणं यांत अंतर आहे. दाटीवाटीने ठेवलेली, खरूज झालेली, लंगडी जनावरं पाहून युरोपीय प्रवासी टीका करत, आणि सगळीच टीका आकसाची नव्हती. खरं तर उपचाराची कल्पना आपल्याला नवी नव्हती. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचा उल्लेख आहे. पण मधल्या काळात ती कल्पना कुत्र्यापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. घोडा, हत्ती, बैल यांचे वैद्य होते. कुत्र्याचा वैद्य नव्हता.

तो टप्पा परळला आला. १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. तिच्या कामातून आणि दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८३ च्या सुमारास परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय उभं राहिलं. १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आपल्या मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांनी माणसांचं रुग्णालय सुरू केलं १८९४ मध्ये. म्हणजे परळचं जनावरांचं मोठं रुग्णालय मिरजेच्या मिशन हॉस्पिटलपेक्षा जुनं आहे. मिरजकरांनी हे ऐकून रागावू नये!

आणि माणसाचं औषध आणि कुत्र्याचं औषध फार लांबची नसतात. आपल्या अंगणात सदाफुली असते. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध काढतात, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते वापरतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना जननेंद्रियावर एक गाठ होते, समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा तो कर्करोग आहे. लोक ते पाहून तोंड फिरवतात. पण बहुतेक वेळा तो आठवड्यातून एकदा याच व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन देऊन काही आठवड्यांत बरा होतो. ज्याला आपण सडलेलं कुत्रं म्हणून हाकलतो, ते अनेकदा बरं होणारं कुत्रं असतं. खरूज बरी होते, गोचिडांचा ताप बरा होतो, अळ्या पडलेली जखम साफ केली तर भरून येते. अवघड असतात ते डिस्टेंपर आणि पार्वो, आणि त्यांवर आधीच लस आहे.

विसाव्या शतकात मात्र एक उलटी गोष्ट घडली. रुग्णालयं होती, कायदा होता, पण नगरपालिका पुन्हा मारण्याकडेच वळल्या. मुंबईत तर विजेचा धक्का देऊन कुत्री मारत. हे १९९० च्या दशकापर्यंत चाललं. आपल्याकडच्या गावांत विषाचे गोळे टाकत, ते पाहिलेली माणसं आज इथे ऐकत असतील. आणि परिणाम? कुत्री कमी झाली नाहीत. याचं कारण साधं आहे. कुत्री किती राहणार हे उकिरडा ठरवतो. उरलेलं अन्न, मटण-चिकनच्या दुकानांचा कचरा जितका, तितकी कुत्री. दहा मारली की त्यांची जागा रिकामी होते, उरलेल्या माद्यांना अन्न जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात. मादीची गर्भावस्था जेमतेम दोन महिन्यांची. वर्षभरात हिशोब पुन्हा तिथेच.

म्हणून मद्रासमध्ये आणि मुंबईत काही लोकांनी वेगळी दिशा धरली. पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था १९८५ पासून या कामात आहे. १९९४ मध्ये मुंबई महापालिकेने मारणं थांबवलं, १९९८ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने या पद्धतीला आधार मिळाला, २००१ मध्ये देशभरासाठी नियम आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. या नव्या नियमांत एक शब्द बदलला, तो मला कायद्यापेक्षा मोठा वाटतो. 'भटका' याऐवजी 'सामुदायिक प्राणी'. म्हणजे कायद्याने म्हटलं, हा बेवारशी नाही, याचा वारस समुदाय आहे. वारसा आला की जबाबदारीही आली.

हे जमतं का? शेजारच्या गोव्यात पाहा. तिथे २०१३-१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज यांनी दरवर्षी सुमारे लाखभर कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. कुत्री मारून नव्हे. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशोब. पण दहापैकी दोघांनाच टोचून फोटो काढला तर काहीही होत नाही. अर्धवट नसबंदी मोहिमेचंही तेच. आपल्या बहुतेक शहरांचं दुखणं पद्धतीत नाही, अर्धवटपणात आहे.

आता तिसरा टप्पा, घर देणं. सोडवणं पांजरपोळाने शिकवलं, बरं करणं परळने शिकवलं. घर देणं ही मात्र अगदी अलीकडची गोष्ट आहे, आणि तिची गरज वाढली ती आपल्या हौशीमुळे. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचं कुत्रं आलं आणि घरोघरी पग आले. त्यानंतर लॅब्रेडॉर, हस्की, रॉटवायलर. सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात हस्की! पिल्लू गोंडस असतं, दोन वर्षांनी ते तीस किलोचं होतं, केस गळतात, आजारी पडतं, घरात बाळ येतं, बदली होते. मग एक दिवस गाडीतून उतरवून गाडी पुढे जाते. २०२० मध्ये पाळीव प्राण्यांमुळे करोना होतो अशी अफवा उठली तेव्हाही असंच झालं. अशा कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही. त्याला हद्द माहीत नाही, कचऱ्यात अन्न शोधता येत नाही. गावकुत्र्याला परत गल्लीत सोडणं हा न्याय आहे, पण याला गल्लीत सोडणं ही शिक्षा आहे. याला घरच हवं.

कायदा काय म्हणतो? १९६० च्या कायद्यानुसार प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पासष्ट वर्षं झाली, रक्कम तीच. पन्नास रुपयांत आज चहा-नाश्ता होतो. समाज कशाला किती मोल देतो, हे कळायला कधी कधी दंडाची रक्कम वाचावी.

याला आपण 'दत्तक' म्हणतो. सातारकरांना दत्तकाचं महत्त्व सांगायला नको. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर झाला आणि राज्य गेलं. दत्तक म्हणजे दया नव्हे. दत्तक म्हणजे नातं मान्य करणं, हक्क देणं, ते मोडता येणार नाही असं कबूल करणं. हौसेने आणलेलं पिल्लू आणि दत्तक घेतलेलं कुत्रं यांत हाच फरक असायला हवा. म्हणून दत्तक देणाऱ्यांनी चार प्रश्न विचारले तर रागावू नये. घर भाड्याचं आहे का, मालकाची परवानगी आहे का, सुट्टीत कुणाकडे ठेवणार, नसबंदी करणार का. मुलगी देताना आपण याहून जास्त विचारतो.

आपल्या भागात हे काम अजिबात नाही असंही नाही. सांगलीतून काम करणाऱ्या अॅनिमल राहतने २००३ पासून ओझ्याच्या बैलांवर, गाढवांवर उपचार केले आहेत, कुत्र्यांच्या नसबंदीतही ती संस्था आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, लोक होड्यांतून निघाले, आणि कुत्री छतांवर राहिली. त्यांच्यासाठी होडीतून अन्न घेऊन जाणारी पोरं आपण पाहिली. कुणी त्यांना तत्त्वज्ञान शिकवलं नव्हतं.

आता शेवटचा मुद्दा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा विषय आला. ऑगस्टमध्ये आधी दिल्लीतली कुत्री निवाऱ्यांत ठेवा असा आदेश, दहा-अकरा दिवसांनी त्यात बदल करून, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची लस व नसबंदी करून परत सोडा, असा आदेश. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथून कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका, असा आदेश. मिरजेत यांतलं सगळंच आहे! रुग्णालयाच्या आवारात, जिथे बाळंतिणी आणि शस्त्रक्रिया झालेले रोगी आहेत, तिथे कुत्री नकोत, हे मलाही पटतं. पण हलवून ठेवायचं कुठे, हा प्रश्न १८३२ चाच आहे. आणि १८३४ चा धडाही तोच आहे. निवारा भरतो. वैद्य, स्वच्छता आणि बाहेर जाण्याची वाट, म्हणजे दत्तक, नसेल तर निवारा हा फक्त भिंतीआडचा उकिरडा होतो. लोकांच्या नजरेआड दुःख गेलं म्हणजे ते संपलं असं नाही.

मग कुत्र्याचं आपण देणं लागतो ते कशापोटी? सेवेपोटी म्हणावं तर खंड्या सोडून कुणाचंच नाही. दयेपोटी म्हणावं तर दया आटते. १९१४ मध्ये जर्मनीत बॉनजवळ चौदा हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. दोन माणसं आणि त्यांच्याबरोबर एक कुत्र्याचं पिल्लू. अलीकडे दातांच्या तपासणीतून दिसलं की त्या पिल्लाला डिस्टेंपरसारखा आजार होऊन गेला होता आणि माणसांनी देखभाल केल्याशिवाय ते तितके आठवडे जगलं नसतं. आजारी पिल्लू शिकारीला उपयोगी नव्हतं. तरी कुणीतरी त्याला उबेत ठेवून पाणी पाजलं. कुत्रा हा प्राणी निसर्गाने एकट्याने घडवलेला नाही, माणसाच्या चुलीजवळ तो घडला. ज्याला आपण आपल्यावर अवलंबून केलं, त्याला बेवारशी म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. माझं उत्तर एवढंच आहे.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, माझ्या नातवाला कुत्रा चावला. तुमचा इतिहास त्याला काय उपयोगाचा?" प्रश्न योग्य आहे. आधी उपयोगाचं सांगतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची आणि सगळे डोस पुरे करायचे. पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली आहेत. आणि इतिहासाचा उपयोग विचाराल, तर तो असा, की नातवाला चावलेल्या कुत्र्याला लस मिळाली होती की नाही, हे आपण मागच्या वर्षी नगरसेवकाला काय विचारलं यावर ठरतं. त्याला आता जाऊन विचारा, वॉर्डात किती कुत्री आहेत आणि त्यांतल्या किती जणांच्या कानाला खूण आहे. भाकरी घालणाऱ्या शेजाऱ्यालाही बरोबर घेऊन जा. कोणतं कुत्रं कुठे झोपतं, हे त्यालाच माहीत असतं.